दोन्ही हातांचं गणित

शिवमूर्तीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजराचं घड्याळ खोलीत नव्हतं. तो आपोआप उठायचा. उठला की आधी अंथरुणाची घडी, मग नळावरून दोन बादल्या, मग स्टोव्ह. चहाला उकळी येईस्तोवर पाटीवर एक गणित. पाटी लहान पोरांची, लाकडी चौकटीची. कागद संपतो, पाटी पुसली की पुन्हा नवी, असं तो म्हणायचा.

मी त्याच खोलीत राहायचो. उद्यमनगरच्या मागं आमची पत्र्याची खोली होती, दोघांत एक. साडेचारला तो माझा पाय हलवायचा.

"नरसू, ऊठ. नळाला पाणी हाय तवर तोंड धू."

माझं नाव नृसिंह. कारखान्यात सगळे नरसूच म्हणत. मी त्याच्या शेजारच्या लेथवर होतो. सगळं आयुष्य मी लेथवर काढलं, आता घरी आहे. माणसाची पारख कशी करावी हे मला एवढंच कळलं: काम झाल्यावर तो मशीन पुसून जातो का ते बघावं. शिवमूर्ती रोज पुसून जायचा. पगाराच्या दिवशीसुद्धा, जेव्हा बाकीचे हात न धुता पळायचे.

तो मुरगूडच्या पलीकडचा, सीमेलगतच्या खेड्यातला. घरी कन्नड, बाहेर मराठी. वडील लवकर गेले. आई नीलम्मा थोड्या शेतात राबून घर चालवायची. त्यानं आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथ चालवायचा, कोर्स केला आणि आमच्या कारखान्यात लागला. आम्ही ऑइल इंजिनाचे आणि पंपाचे भाग करायचो. आमचे मिस्त्री आण्णा. अंगानं बारीक, आवाज कारखानाभर. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच शिकवत.

लेथला दोन हँडलं महत्त्वाची. एक फिरवलं की हत्यार जॉबच्या, म्हणजे गरगर फिरणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, लांबीनं सरकतं. दुसरं फिरवलं की ते जॉबच्या आत जातं किंवा बाहेर येतं. आण्णांचा नियम असा, की एक चालवायचं तर दुसरं बांधून ठेवायचं. लांबी कापताना आतबाहेरची सरकपट्टी जागची हलता कामा नये. तोंड, म्हणजे टोकाची सपाट बाजू, कापताना लांबीची हलता कामा नये.

"दोन्ही हँडलांवर दोन हात दिसलं तर दोन्ही हात तोडीन," असं ते म्हणायचे. "एकाला कुलूप, मग दुसऱ्याला चाल."

शिवमूर्तीनं हा नियम असा अंगी बाणवला, की माझ्या सायकलचं कुलूपसुद्धा तो दोनदा ओढून बघायचा. पुढं त्याची एवढी पंचाईत झाली ती याच नियमानं.

तेव्हा तो संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डिप्लोमा करत होता. दिवसभर लेथ, संध्याकाळी वर्ग, पहाटे पाटी. अशी चार वर्षं गेली. सगळे विषय सुटले. गणिताचा एक पेपर राहिला. एकदा बसला, नापास. पुन्हा बसला, नापास. मालकांनी शब्द दिला होता, की डिप्लोमा हातात पडला की ड्रॉइंगच्या खोलीत घेतो. ती जागा रिकामी होती. पण पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रम बदलणार होता. या खेपेला पेपर सुटला नाही तर सुटलेले विषयही कुणी धरणार नव्हतं. पहिल्या वर्षापासून पुन्हा बसायचं. चार वर्षांच्या संध्याकाळी पाण्यात.

गावी गेला की आई दारातच विचारायची, "आतेनप्पा?" म्हणजे झालं का रे बाबा. तो नकारार्थी मान हलवायचा. ती दुसरा प्रश्न विचारायची नाही, भाकरी वाढायची. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. मला ती भाकरी गिळवली नाही.

आण्णा मात्र चिडवायचे. "लेथवरचा माणूस एक्स वाय करून काय जिलब्या तळणार हाय?"

"तळल्या तर पहिली तुमालाच देतो की, आण्णा," शिवमूर्ती म्हणायचा.

पेपर कुठं अडत होता ते मला आता सांगता येतं. तेव्हा मी नुसता ऐकायचो. काही समीकरणांत y एका बाजूला सुटा ठेवलेला नसतो. x आणि y एकमेकांत गुंतलेले असतात. वर्तुळाचंच घ्या: x² + y² = 25. यातून y सोडवून न घेता तसंच विकलन करायचं, म्हणजे x जरासा सरकला की y किती सरकतो ते काढायचं, की उतार मिळतो. इथं उतार येतो −x/y. इथपर्यंत शिवमूर्तीला अडचण नव्हती. पण प्रश्न पुढं विचारतात: हा उतार स्वतः कसा बदलतो ते काढा. म्हणजे पुन्हा एकदा विकलन, द्वितीय विकलज. हा प्रश्न दर वेळी यायचा, त्याला गुण भरपूर असायचे, आणि दर वेळी शिवमूर्तीचं उत्तर चुकायचं. त्यात वाईट असं, की आपलं बरोबर आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. तपासणारा घाईत असेल, असं तो म्हणायचा. शंका नसलेला माणूस विचारायला जात नाही.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी एक बाई कारखान्याच्या फाटकाशी आल्या. हातात पितळी सोऱ्या, कागदात गुंडाळलेला. त्याच्या दांड्याचे आटे झिजले होते, फिरवला की घसरायचा. आमच्याकडं असली बारीक कामं घेत नसत. वॉचमननं तसं सांगितलंही. जेवणाची सुट्टी होती. शिवमूर्ती फाटकाजवळच डबा खात बसला होता. त्यानं भाकरी खाली ठेवली आणि सोऱ्या हातात घेतला.

"नवा दांडा करायला लागंल. हे आटं न्हाई वाचणार."

"एका फेऱ्याला किती पुढं जाईल?" बाईंनी विचारलं.

शिवमूर्तीनं मान वर केली. गिऱ्हाईक असं विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं, किती घेणार आणि कधी देणार. त्यानं बाईंकडं नीट बघितलं. पदराच्या कडेला खडूची भुकटी होती.

"शाळंत शिकवता व्हय?"

"हायस्कूलला. गणित."

राहिलेल्या सुट्टीत त्यानं लेथवर पितळेचा तुकडा लावला आणि आटे पाडले. मी बघत होतो. सुट्टीतलं काम म्हणून त्यात हयगय नव्हती. शेवटचा हात पॉलिश पेपरनं मारला, दांडा सोऱ्यात बसवून दोनदा फिरवून बघितला, मग दिला. बाईंनी पर्स उघडली.

"पैसं नकोत," शिवमूर्ती म्हणाला. "माझं एक गणित तपासा. माझं बरोबर हाय. पण मार्क देत न्हाईत."

त्या हसल्या. "बरोबर असेल तर मी काय तपासू?"

"मग बरोबर हाय असं लिहून द्या की."

अशी मीनाक्षीताईंची ओळख झाली. त्या मंगळवार पेठेत राहत. दिवसा शाळा, संध्याकाळी घर. मोकळा वेळ फक्त पहाटेचा. सोऱ्याच्या बदल्यात एक तास, पुढचं पुढं बघू, असं त्या म्हणाल्या. दिवाळीनंतर सोमवारी आम्ही गेलो. सायकल माझी होती, म्हणून मीही गेलो. तो मागं बसलेला, मांडीवर पाटी.

ताईंच्या घरी पुढच्या सोप्यात शहाबादी फरशी होती. त्यांनी पाटी बघितली आणि बाजूला ठेवली.

"पाटीवर मावेल एवढंच गणित करता तुम्ही. म्हणून शेवटाला जात नाही. इथं करा." त्यांनी खडू दिला आणि फरशी दाखवली.

शिवमूर्ती गुडघ्यावर बसला. वर्तुळाचं समीकरण लिहिलं. उतार काढला: −x/y. बरोबर. मग पुढची ओळ लिहिली: −1/y. खडू खाली ठेवला, हात झटकले.

"चुकलं," ताई म्हणाल्या.

"कसं चुकंल?" त्याचा आवाज कारखान्यातला. मोटारी चालू असताना बोलायची सवय.

"हळू बोला. सासूबाई उठतील."

आतून आवाज आला, "मी केव्हाच उठलेय. त्याचं बरोबर आहे का चूक, ते सांग आधी."

ताईंनी तोंडाला पदर लावला. मी दाराच्या पायरीवर बसलो होतो, मीही हसलो. शिवमूर्ती हसला नाही.

"वरच्या टोकाला घालून बघा," तो म्हणाला. "वर्तुळाच्या माथ्यावर. तिथं x शून्य, y पाच. माझं उत्तर येतंय उणे एक पंचमांश. आता तुमचं घाला."

ताईंनी आपलं उत्तर लिहिलं: −25/y³. त्यात पाच घातले. पाचाचा घन एकशे पंचवीस. पंचवीस भागिले एकशे पंचवीस. तेही उणे एक पंचमांश.

"बघा," शिवमूर्ती म्हणाला.

ताईंनी दोन्ही उत्तरांखाली रेघ ओढली. मग म्हणाल्या, "हं. म्हणून तुम्ही एवढे ठाम आहात. तुम्ही दर वेळी माथ्यावरच तपासलंत?"

"माथ्यावर सोपं पडतंय की."

"मग आता खाली उतरा. x तीन, y चार. तुमचं उत्तर?"

"उणे पाव."

"माझं उणे पंचवीस चौसष्टांश. म्हणजे साधारण उणे शून्य पॉइंट एकोणचाळीस. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत."

"मग तुमचं चुकलं."

असं दुसरं कुणी बोललं असतं तर मी कानाखाली दिली असती. ताईंना राग आला नाही. "माझं चुकलं असेल," त्या म्हणाल्या. "मोजून बघू."

मोजायचं म्हटल्यावर शिवमूर्ती सावरून बसला. टर्नर माणूस मापाशी भांडत नाही. ताईंनी सांगितलं तसं त्यानं केलं. उणे चिन्ह सोडून, x तीन असताना उताराचा आकडा पाऊण. x थोडासा पुढं सरकवला, तीन पॉइंट एक केला. तिथला y वर्गमूळ काढून आणला, हातानं, फरशीवर. आला ३.९२३. तिथला उतार आला ०.७९०. म्हणजे एक दशांश सरकल्यावर उतार चार शतांशांनी वाढला. पुऱ्या एकाला साधारण चार दशांश.

फरशीवर तिन्ही आकडे शेजारी शेजारी होते. मोजलेला ०.४. ताईंचा ०.३९. शिवमूर्तीचा ०.२५.

त्यानं तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पुन्हा मोजतो." पुन्हा मोजलं. तेच आलं.

"चुकलंच की हो," तो म्हणाला. आवाज पहिल्यांदा हळू होता.

आतून सासूबाई म्हणाल्या, "आता चहा टाक गं. पोरानं मान्य केलं."

पण चूक मान्य करणं वेगळं आणि चूक कुठं झाली ते कळणं वेगळं. ताईंनी विचारलं, "ही ओळ लिहिताना y चं काय केलंत? तो जागेवर का ठेवलात?"

"x हलवायचा म्हंजे y बांधायला नको?"

"का?"

"एक चालवायचं तर दुसरं बांधून ठेवायचं. न्हाईतर जॉब बिघडतो."

ताईंना हे कळलं नाही. त्यांनी तसं सांगितलं. शिवमूर्तीनं मग फरशीवर लेथ काढला. दोन हँडलं दाखवली, आण्णांचा नियम सांगितला, हात तोडायची धमकीसुद्धा. ताईंनी मध्येच थांबवून दोन-तीन गोष्टी पुन्हा विचारल्या. समजत नाही ते विचारायला त्यांना कमीपणा वाटायचा नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बरं. सरळ दांडा असा काढता. आणि टोकाला गोळा काढायचा असेल तर? मुठीसारखा?"

"गोळा व्हय. त्याला दोन्ही हातांनी…" शिवमूर्ती म्हणाला आणि थांबला.

चहा शेवटी सासूबाईंनीच आणला होता, तो ताईंनी माझ्याकडं दिला.

"त्याला दोन्ही हँडलं एकदम फिरवायची," शिवमूर्ती म्हणाला. तो आमच्याशी बोलत नव्हता. "x सरकला की y सरकतोय. बांधून न्हाई चालत. बांधला तर गोळा कसला, दांडाच होणार."

"मग y सरकतो किती?" ताईंनी विचारलं.

त्यानं वरच्या ओळीतल्या उतारावर बोट ठेवलं. "एवढा. हे काढलंच हाय की मी. काढून टाकून दिलं."

मग त्यानं ती ओळ नव्यानं लिहिली. आता y हलता धरला. जिथं जिथं y चं विकलन आलं तिथं तिथं −x/y ठेवलं. अपूर्णांकावर अपूर्णांक आले. ओळ लांबत गेली, फरशीची एक लादी संपली, दुसरीवर गेली. वर x² + y² शिल्लक राहिले, खाली y चा घन. तिथं त्यानं खडू टेकवला.

"आता थांबायचं नाही," ताई म्हणाल्या. "x² + y² म्हणजे काय? सुरुवात कशानं केली होती?"

तो गुडघ्यावर सरकत पहिल्या लादीपाशी गेला. x² + y² = 25. परत आला. वर पंचवीस लिहिले. उत्तर ताईंचं आलं.

"शेवटी मूळ समीकरणाकडं एकदा बघायचं," ताई म्हणाल्या. "निम्मे लोक तिथंच सोडतात."

मला ते पटलं. काम नव्वद टक्के झालं म्हणजे झालं नाही. जॉबला धार राहिली तर तो घेणाऱ्याचा हात कापतो.

त्या दिवशी योगायोगानं नव्हे, मीच आण्णांकडं मागून मुठीच्या गोळ्यांचं काम घेतलं. असल्या कामाला आण्णा आपला नियम स्वतः बाजूला ठेवत. जुन्या हातांनाच ते द्यायचे. माझा डावा हात लांबीच्या हँडलावर, उजवा आतबाहेरच्या. शिवमूर्ती आपलं मशीन थांबवून माझ्यामागं उभा राहिला.

"हळू घे. माथ्यावरनं सुरू कर."

मी गोळ्याच्या सगळ्यात जाड जागेवरून टोकाकडं निघालो. सुरुवातीला उजवा हात जवळजवळ स्वस्थ. नुसता डावा चालतो. मग उजवा जरा जरा. टोक जवळ आलं की उजवा असा पळवावा लागतो, की मनगट दुखतं.

"थांब," शिवमूर्ती ओरडला. "माथ्यावर जा पुन्हा. उजवा हात काय करतोय?"

"काय न्हाई. थांबलाय."

"तिथं थांबतोयच. तिथं बांधला काय अन् सोडला काय, घटकाभर सारखंच. म्हणून माझं उत्तर माथ्यावर बरोबर यायचं! अन् मी नेमकं तिथंच तपासत बसलो."

तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की आण्णा आले. "काय रे, हात गेला का कुणाचा?"

"न्हाई आण्णा. तुमचा नियम गेला."

आण्णांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "जिलब्या झाल्या वाटतं," आणि गेले.

पुढं हिवाळाभर आम्ही ताईंकडं जात राहिलो. सोऱ्याचा एक तास केव्हाच फिटला होता. ताईंनी ती गोष्ट काढली नाही. शिवमूर्तीनं पैशाचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या चकल्या अजून तुमच्या दांड्यावर चालल्यात." फरशी रोज भरायची. जाताना शिवमूर्ती ओल्या फडक्यानं पुसायचा. ताई नको म्हणायच्या, तो ऐकायचा नाही. मशीन पुसल्याशिवाय जायचं नाही, हा त्याचा नियम कुणी मोडला नाही.

मी एक गोष्ट बघत होतो. ताई वाकून लिहायच्या. उठताना भिंतीला हात लावायच्या, आणि गुडघा सरळ व्हायला वेळ लागायचा. शिवमूर्तीही ते बघत होता.

परीक्षा उन्हाळ्यात होती. गणिताच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाहेर झाडाखाली सायकल धरून उभा राहिलो. सुटल्यावर पोरं बडबडत बाहेर आली. शिवमूर्ती शेवटी आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"आला का तो?" मी विचारलं.

"आला. वर्तुळ नव्हतं. x² − xy + y² = 7. जास्त गुंतलेलं."

"मग?"

तो खाली बसला आणि काडीनं मातीत लिहायला लागला. मला त्यातलं सगळं कळलं नाही. एवढं कळलं, की त्यानं y बांधला नव्हता. ओळ लांबत झाडाच्या बुंध्यापर्यंत गेली. शेवटी वर सहा पट मूळचंच समीकरण राहिलं. तो मागं सरकून पहिल्या ओळीकडं बघून आला, सात ठेवले, बेचाळीस आले. खाली 2y − x चा घन. पुढं उणे.

"तपासलंस?"

"तपासलं. दोन ठिकाणी. माथा सोडून."

निकाल लागला. पास. गुण मोठे नव्हते, पण पास. आम्ही तडक मंगळवार पेठेत गेलो. ताई शाळेत होत्या. सासूबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी चाळणी बाजूला ठेवली, आत जाऊन गूळ आणला आणि आधी शिवमूर्तीच्या, मग माझ्या हातावर ठेवला. "तू कशात पास झालास?" मला म्हणाल्या. मी म्हणालो, सायकलीत. शनिवारी तो गावी गेला. मी त्या वेळी नव्हतो. आई दारात होती, नेहमीसारखंच विचारलं, आणि या वेळी त्यानं मान हलवली नाही, "आतव्वा," एवढंच म्हणाला. झालं आई. त्या दिवशी तीच जेवली नाही म्हणे, त्याच्याकडं बघत बसली.

मालकांनी शब्द पाळला. शिवमूर्ती ड्रॉइंगच्या खोलीत गेला. काचेपलीकडं बसायचा, पण जेवायला आमच्यातच यायचा. त्यानं तिथं पहिलं काम माझ्यासाठी केलं, असं मी मानतो. गोळे आणि वाकणाचे भाग आम्ही आजवर अंदाजानं काढायचो. दहातले दोन-तीन वाया जायचे आणि मनगट सुजायचं. त्यानं तक्ता करून दिला. लांबीचं हँडल इतकं सरकलं की आतलं इतकं. माथ्याजवळ थोड्या ओळी, टोकाजवळ दाट ओळी, कारण तिथं उतार भराभर बदलतो. मी तक्ता समोर लावून काम करायला लागलो. माल वाया जाईना. आण्णांनी तक्ता बघितला, खिशातून चष्मा काढून पुन्हा बघितला, म्हणाले, "दोन हातांचं काम एवढं सरळ असतंय होय." त्यांनी त्याची नक्कल करून नव्या पोरांच्या लेथांवर लावली. माझं मनगट आजही चांगलं आहे. या वयात माझ्याबरोबरच्या कितीजणांना चहाचा कप धरवत नाही. मी धरतो. हे मी त्या माणसाचं देणं लागतो.

शिवमूर्तीचा पगार वाढला. पण पैसा आधी घराकडं गेला. गावच्या घराचं छप्पर झालं. बहिणीचं, गंगव्वाचं लग्न झालं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्याची स्वतःची चप्पल तीच राहिली. पहाटे चारला उठणं तेच राहिलं. ताईंकडं आता तो दुसऱ्यांना घेऊन जायचा. आमच्यातला कुणी डिप्लोमाला बसला की त्याला मंगळवार पेठेची वाट तोच दाखवायचा. सोप्यात गर्दी व्हायला लागली. लाद्या पुरेनात. ताई सगळ्यांसाठी वाकत होत्या. सासूबाई आतून चुका काढायच्या, उत्तर माहीत नसताना.

चार-पाच वर्षांनी एका सकाळी तो मला म्हणाला, "नरसू, सुट्टीत चार ब्रॅकेट करून दे. भिंतीत बसणारी. धार राहता कामा नये."

"कशाला?"

"कर तर."

मी केली. कडा घासून गोल केल्या, बोट फिरवून बघितलं. रविवारी हातगाडीवर सुताराकडून एक मोठं गाठोडं आलं, गोणपाटात बांधलेलं. आम्ही ते ताईंच्या सोप्यात नेलं. सासूबाईंनी विचारलं, पलंग आहे का. शिवमूर्तीनं भिंतीला भोकं पाडली, पाणसळ लावून बघितली, ब्रॅकेटं बसवली. मग गोणपाट सोडलं.

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "हे काय? मी काही मागितलं नव्हतं."

"सोऱ्याचं राहिलंय थोडं," शिवमूर्ती म्हणाला.

"सोऱ्या तुम्ही दुरुस्त केला होता. देणं माझ्याकडं होतं."

"मग माझं गणित कच्चंच राहिलं म्हणायचं. तपासा तुम्ही."

सासूबाई म्हणाल्या, "घे गं. माझीसुद्धा फरशी सुटली एकदाची."

ताईंनी खडू घेतला. घरी पहिल्यांदाच त्या उभ्या राहून लिहीत होत्या. मान ताठ, गुडघा सरळ. त्यांनी x² + y² = 25 लिहिलं, दोन पावलं मागं सरकून बघितलं आणि खडू शिवमूर्तीपुढं धरला. त्यानं पुढची ओळ लिहिली. y सुटा होता, हलता. ओळ डावीकडून उजवीकडं पूर्ण गेली आणि तरी जागा उरली.

चार ब्रॅकेटं, सागवानी चौकट आणि काळा रंग दिलेला, माणसाच्या उंचीचा लाकडी फळा. शिवमूर्तीच्या पगारातून शेवटी आला तो हा.